शेतींतील रूढी आणि पडताळा



महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझ्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें गेलीं. शिक्षण म्हणाल तर मराठी सातवीपर्यंतचें. तेव्हां पुढील मजकूर कोणा पंडिताचा नव्हे; दप्तरांत आणि रानांत जें पाहिलें, त्यावरून सुचलेले हे चार विचार आहेत. आरंभीं दप्तरांतीलच एक गोष्ट सांगतों.

पीक पाहणीच्या कागदांत पूर्वीं एक दोष वारंवार आढळे. शेतांत समक्ष जाऊन उभें पीक पाहावें व मग नोंद करावी, असा नियम. परंतु चिखल तुडवीत बांधाबांधानें फिरण्याचा कंटाळा आला, म्हणजे कोणी कोणी गेल्या वर्षाचें पान उघडून तेंच पीक व तेंच क्षेत्र या वर्षाच्या रकान्यांत उतरून काढी. शेतांत हरभरा उभा असे आणि कागदावर जोंधळा डोलत असे! अशीं पांच-सहा वर्षें गेलीं, म्हणजे ती चुकीची नोंदच खरी वाटूं लागे. कारण मागील सहा पानें तिच्या बाजूनें साक्ष देत. वस्तुतः साक्षीदार सहा नसत. साक्षीदार एकच असे, आणि त्याची नक्कल सहा वेळां झालेली असे. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीनें ही नोंद खातेदाराच्याच हातीं आली आहे. सबब हा दोष आतां दुसऱ्याच्या माथीं मारण्याची सोय राहिली नाहीं.

रूढीचेंहि पुष्कळ वेळां असेंच असतें. "आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असेंच चालत आलें आहे," असें आपण म्हणतों, तेव्हां पिढ्यांची संख्या हाच पुरावा आहे असें आपणांस वाटतें. परंतु प्रत्येक पिढीनें ती गोष्ट स्वतः पारखून घेतली होती, कीं मागील पानावरून पुढच्या पानावर नुसती उतरून काढली होती, हें आपण विचारीत नाहीं. पहिली गोष्ट असेल तर दहा पिढ्या म्हणजे दहा साक्षीदार. दुसरी असेल तर दहा पिढ्या मिळूनहि साक्षीदार एकच.

यावरून जुनें तेवढें टाकून द्यावें, असें मात्र मला सुचवावयाचें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, प्रत्येक चालीला "कां?" असें विचारावें आणि मिळालेलें उत्तर आपल्याच शेतांत पडताळून पाहावें. असें न केल्यानें काय होतें, तें प्रथम माझ्याच घरच्या हकीकतीवरून सांगतों. ती सांगतांना मला संकोच वाटतो, पण सांगितल्यावांचून हा लेख खरा होणार नाहीं.

१. काणीची हकीकत

मी नोकरींत नवा असतांना एका वर्षीं आमच्या शाळूंत काणी फार पडली. कणीस निसवेपर्यंत पीक दृष्ट लागावी असें होतें. दाणा भरण्याची वेळ आली, तेव्हां पुष्कळ कणसांत दाण्याच्या जागीं मळकट पांढऱ्या पिशव्या दिसूं लागल्या. बोटानें दाबावें तर आंतून काजळीसारखी काळी भुकटी निघे. हें असें कां झालें, याचें उत्तर गांवांत तयारच होतें. आमच्या बांधावरून शेजारच्या वस्तीवरील एक वृद्ध विधवा बाई रोज विहिरीवर पाण्यास जात असत. "पीक निसवलें त्याच आठवड्यांत त्या बांधावर उभ्या राहून पिकाकडे पाहत होत्या," असें कोणी तरी म्हणालें. दुसऱ्यानें मान हालविली. तिसऱ्यानें जुना दाखला काढला. आठ दिवसांत तें ठरून गेलें, आणि आमच्या घरून त्या बाईंस निरोप गेला कीं, यापुढें आमच्या बांधावरून येऊं जाऊं नये. पुढें इतरांनींहि आपापल्या वाटा बंद केल्या. वर्ष-दीड वर्षांत त्या बाई आपल्या भावाच्या गांवीं निघून गेल्या.

मी त्या वेळीं सुट्टीवर घरीं होतों. मला तें पटलें नव्हतें. परंतु खोटें कसें, हेंहि सांगतां येईना. वडिलांपुढें बोलण्याचें धैर्य नव्हतें. मी गप्प बसलों. सरकारी कागदावर पुराव्याशिवाय एक अक्षर न लिहिणारा मनुष्य स्वतःच्या घरांत पुराव्याशिवाय एका माणसाची वाट बंद होऊं देतो, याचें मला त्या वेळीं कांहीं वाटलें नाहीं.

दोन-तीन वर्षांनीं आमच्या गांवीं एक कृषि सहायक आले. त्यांनीं चावडीवर काणीची माहिती सांगितली ती अशी. दाणे काणीचें कारण म्हणजे एक अतिसूक्ष्म बुरशी. काळी भुकटी हें तिचें बीज. काणीचीं कणसें चांगल्या कणसांबरोबर एकाच खळ्यांत मळलीं, म्हणजे ती भुकटी चांगल्या दाण्यांस बाहेरून चिकटून बसते. हेच दाणे आपण पुढील वर्षीं बियाणें म्हणून पेरतों. मातींत जोंधळा रुजतो, त्याबरोबर बुरशीहि रुजते, कोंवळ्या अंकुरांत शिरते आणि झाडाच्या आंतून त्याच्याबरोबर वाढत जाते. झाड बाहेरून निरोगी दिसतें. कणीस येतें तेव्हांच ती दाण्याच्या जागीं प्रकट होते.

या माहितींत जो मुद्दा माझ्या मनांत खोल रुतला तो हा. रोगाचा प्रवेश पेरणीच्या वेळीं होतो, आणि तो दिसतो कणसांत. कारण आणि परिणाम यांच्यामध्यें कित्येक आठवडे जातात. आपल्या मनाची खोड अशी कीं, परिणाम दिसण्याच्या अगोदर जें जवळांत जवळ घडलें असेल त्यालाच तें कारण समजतें. कणीस निसवलें, बाई बांधावर उभ्या होत्या, काणी दिसली; मनानें तीन गोष्टी एका दोऱ्यांत ओंवल्या. खरें कारण आमच्याच खळ्यांत, आमच्याच हातांनीं झालेल्या मळणींत होतें. तेथें पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं.

कृषि सहायकांनीं उपाय सांगितला तो अगदीं स्वस्त: ३०० मेश पोताचें बारीक गंधक, एक किलो बियाण्यास ४ ग्रॅम, पेरणीपूर्वीं चांगलें चोळावें. मी घरीं येऊन वडिलांस सांगितलें. ते म्हणाले, "आमच्या आज्यानं कधीं गंधक चोळलं नाहीं, तरी त्याच्या पेवांत दाणा मावत नव्हता."

मीं म्हटलें, "आबा, तुमचं खरं असेल. पण अर्ध्याच रानाला चोळूं या. उरलेलं अर्धं तुमच्या रीतीनं पेरा. काय होतं तें दोघांनीं पाहूं."

वडील कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "बरं. पण कणसं मी मोजीन. तूं मोजायचीं नाहींत."

ही अट त्यांनीं रागानें घातली होती. परंतु पडताळ्याला याहून चांगली अट नसते, हें मला पुढें कळलें. एकाच बियाण्याचे दोन भाग केले. एकास गंधक चोळलें, एकास नाहीं. एकाच दिवशीं, एकाच तिफणीनें चार पट्टे आळीपाळीनें पेरले. कणसें भरल्यावर वडील स्वतः मोजावयास गेले. ज्या पट्ट्यांस गंधक नव्हतें, तेथें दर शंभरांत नऊ-दहा कणसें काणीचीं भरलीं. गंधकाच्या पट्ट्यांत त्यांस हिंडून हिंडून तीन सांपडलीं. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजलें. मग बांधावर बसले आणि मला म्हणाले, "मग त्या बाईचं काय?"

ह्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढील बाजाराच्या दिवशीं वडील तिच्या भावाच्या गांवीं गेले. काय बोलणें झालें तें त्यांनीं सांगितलें नाहीं. बाईंनीं चहा दिला, विचारपूस केली, इतकेंच कळलें. त्या परत मात्र आल्या नाहींत.

बंधूंनो, अविचारी रूढीचा हिशेब आपण दाण्यांत मांडतों: इतके पोते गेले, इतके रुपये बुडाले. तो हिशेब पुढील हंगामांत भरून निघतो. परंतु खोट्या कारणापायीं एखाद्या निरपराध माणसास दोष लागतो, तेव्हां तें नुकसान कोणत्याहि हंगामांत भरून निघत नाहीं.

येथें एक सावधगिरी नमूद करतों. काणीचे चार प्रकार आहेत: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी व झिपरी काणी. पहिल्या दोहोंचा प्रसार बियाण्याबरोबर होतो, म्हणून त्यांवर बीजप्रक्रिया गुणकारी ठरते. लांब काणीचा प्रसार वाऱ्यानें होतो आणि झिपरी काणी जमिनींतून येते. त्यांवर नुसत्या गंधकानें भागत नाहीं. काणीचीं कणसें दिसतांच फडक्याच्या पिशवींत हळूच काढून जाळून टाकावीं, हें मात्र सर्वांस लागू आहे. "गंधक चोळलें तरी काणी आलीच" असें म्हणून उपायास नांवें ठेवण्यापूर्वीं कोणती काणी आली तें पाहावें.

२. रूढी खरी ठरते तेव्हां

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. जोंधळ्यांत किंवा बाजरींत तुरीचीं पाटें घालावीं, हरभऱ्याच्या बेवडावर दुसरें पीक जोमदार येतें, हें आपले वाडवडील सांगत आले. कारण विचारलें असतां, "जमिनीला बेवड चांगला होतो," एवढेंच उत्तर मिळे. हें उत्तर म्हणजे त्याच प्रश्नाची उलट मांडणी होय. परंतु चाल मात्र खरी होती.

तिचें कारण १८८६ सालीं जर्मनींतील हेलरीगेल या शास्त्रज्ञानें जगापुढें मांडलें, आणि १८८८ सालीं त्यानें विलफार्थ या सहकाऱ्यासह आपले प्रयोग सविस्तर प्रसिद्ध केले. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या लहान गांठी असतात, त्यांत सूक्ष्म जीवाणू राहतात. ते हवेंतील नत्र धरून पिकास देतात. मागें राहिलेल्या मुळ्या व पाला यांतून त्याचा कांहीं अंश पुढील पिकास मिळतो. आपल्या शेतकऱ्यानें परिणाम पाहून ठेवला होता. शास्त्रज्ञानें त्याचें कारण दाखविलें. इंग्लंडांतून शेतीची पाहणी करण्यास १८८९ सालीं आलेल्या डॉ. व्होल्कर यांनींहि १८९३ सालच्या अहवालांत येथील चांगल्या शेतकऱ्याची बरोबरी विलायतेंतील सामान्य शेतकऱ्याशीं केली, आणि कांहीं बाबतींत तो सरस आहे असें लिहिलें.

मग कोणी विचारील, चाल खरीच होती तर कारण कळून अधिक काय मिळालें? मिळालें तें हें कीं, नियम कोठें लागू पडतो आणि कोठें पडत नाहीं हें कळलें. प्रत्येक द्विदल पिकास त्याच्या जातीचे जीवाणू लागतात. ज्या रानांत सोयाबीन पूर्वीं कधींच पेरलें नाहीं, तेथें त्याचे जीवाणू बहुधा नसतात. म्हणून बियाण्यास जीवाणू-संवर्धक लावावें लागतें. "द्विदल आहे, बेवड होईलच," असें नुसत्या चालीवर विसंबणारा येथें फसतो. कारण जाणणारा मात्र पीक फुलावर येण्याच्या सुमारास एक झाड हळूच मुळासकट उपटतो, गांठ चिरून पाहतो, आणि ती आंतून तांबूस गुलाबी दिसली तर जीवाणू काम करीत आहेत अशी खात्री करून घेतो.

३. नक्षत्रें आणि पाऊस

पेरणीचा काळ नक्षत्रांवरून ठरविण्याची आपली चाल आहे. तिला वेडगळ म्हणणारे तिचें मर्म जाणत नाहींत. सूर्य ज्या नक्षत्रांत असतो त्यावरून हीं पावसाचीं नक्षत्रें मोजलीं जातात, आणि ऋतूहि सूर्यावरूनच होतात. चांद्र महिने अधिक मासामुळें मागेंपुढें सरतात, पण सूर्याचें नक्षत्र सरत नाहीं. ज्यांच्या घरीं छापील दिनदर्शिका नव्हती, त्यांस हें उत्तम साधन होतें.

तथापि यांतहि एक बारीक फरक पडत जातो. मकरसंक्रांत आपण १४ जानेवारीच्या सुमारास पाळतों आणि त्या दिवशीं उत्तरायण लागलें असें मानतों. परंतु दिवस मोठा होऊं लागतो तो २२ डिसेंबरपासून. हें कोणीहि घड्याळ लावून पाहावें. हे दोन दिवस सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं एकच होते. पृथ्वीच्या आंसाच्या संथ फिरण्यामुळें नक्षत्रें व ऋतू यांच्यांत सुमारें ७२ वर्षांस एक दिवस इतकें अंतर पडतें. आज सूर्याचा मृग नक्षत्रांत प्रवेश ७ जूनच्या सुमारास होतो. त्या काळीं ऋतुमानानें तो सुमारें तीन आठवडे अगोदर होत असे. तेव्हां मृग ही पावसाची खूण आहे, पण ती आकाशांत खिळा मारून पक्की केलेली नाहीं. शिवाय पाऊस दर वर्षीं त्याच दिवशीं येण्यास बांधलेला नाहींच. नक्षत्र लागलें म्हणून धूळ-पेरणी करून बियाणें घालवून बसलेले खातेदार दुबार पेरणीच्या मदतीसाठीं कचेरींत आलेले मीं पाहिले आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमींत ओल खोल उतरल्यावर खरिपाची पेरणी करावी, ही कृषि खात्याची शिफारस आहे. तिचें कारण स्पष्ट आहे, आणि मूठभर माती हातांत घेऊन तें कोणासहि तपासतां येतें.

पंचांगांत प्रत्येक नक्षत्राचें वाहन दिलेलें असतें: बेडूक, म्हैस, मोर, गाढव इत्यादि. त्यावरून पावसाचें मान सांगतात. तहसील कचेरीच्या आवारांत पर्जन्यमापक असतो आणि त्याची नोंद रोज सकाळीं साडेआठ वाजतां होते. तें काम कांहीं काळ माझ्याकडे होतें. मीं तीन पावसाळे एका वहींत डावीकडे वाहन व उजवीकडे प्रत्यक्ष पाऊस असा जमाखर्च मांडला. कधीं जुळलें, कधीं नाहीं. नाणें उडवून सांगितलें असतें तरी याहून फारसें चुकलें नसतें. आपण मात्र जुळलेलें वर्ष गांवभर सांगतों आणि न जुळलेलें विसरून जातों. वही विसरत नाहीं. वाचकांनीं माझ्यावर विश्वास ठेवूं नये. स्वतःच वही घालावी.

४. नव्याचाहि पडताळा

कित्येक तरुण शेतकऱ्यांस वाटतें कीं, जुनें सोडून नवें धरलें म्हणजे विचार केला. तसें नाहीं. काल आजोबांचें ऐकत होतों, आज दुकानदाराचें ऐकतों. ऐकणाऱ्यानें विचार केला असें यांत कोठें झालें?

नीरेच्या खोऱ्यांतील दाखला लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. दुष्काळानें पोळलेल्या मुलखाला पाणी मिळालें, ही थोर गोष्ट झाली. परंतु पाणी जितकें अधिक तितकें पीक अधिक, अशी समजूत पसरली. भारी काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. खालच्या पाण्याची पातळी वर चढली, वर आलेलें पाणी उन्हानें उडून गेलें, आणि त्यांतील क्षार मात्र पृष्ठभागावर सांचत राहिले. पुढें पुढें चांगल्या जमिनी खारवट व चोपण होऊं लागल्या. १९१० सालीं मुंबई इलाख्याच्या कृषि खात्याचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह या जमिनींचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्यानंतर इतकीं वर्षें लोटलीं, तरी उसास पाणी देतांना किती जण निचऱ्याचा विचार करतात? आपल्या आजोबांपाशीं कालव्याचें पाणी नव्हतें. म्हणजे ही रूढी आजोबांची नव्हे, आपली आपणच निर्माण केलेली आहे. अविचार जुना होण्यास शंभर वर्षें लागत नाहींत. एका पिढींत नवी गोष्टसुद्धां अंध रूढी होऊन बसते.

५. पडताळा कसा घ्यावा

पडताळ्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. पुढील गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरे.

पहिली गोष्ट: तुलनेसाठीं एक पट्टा जुन्या रीतीनें तसाच ठेवावा. सगळ्या रानास नवें खत घातलें आणि पीक चांगलें आलें, तर तें खतानें आलें कीं पावसानें, हें कसें कळणार? इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें ब्रॉडबाक नांवाच्या शेतांत १८४३ सालापासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यांत एका पट्ट्यास आरंभापासून कोणतेंहि खत घातलेलें नाहीं. तो उपाशी पट्टाच इतर सर्व पट्ट्यांचें मोल सांगतो.

दुसरी: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बियाणें, खत व पेरणीचा दिवस असें तिन्ही बदललें, तर श्रेय कोणाचें हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

तिसरी: पट्टे आळीपाळीनें घालावे. प्रत्येक शेतांत एक अंग कसदार व एक अंग हलकें असतें. कसदार अंगावर नवें आणि हलक्या अंगावर जुनें पेरलें, तर तो पडताळा नव्हे, पक्षपात होय.

चौथी: डोळ्यांनीं अंदाज करूं नये, मोजावें, वजन करावें. पूर्वीं आणेवारी नजरेनें ठरे. बांधावर उभें राहून कोणास पीक दहा आणे दिसे, कोणास सहा. तंट्यास अंत नसे. १९४० नंतरच्या दशकांत डॉ. पां. वा. सुखात्मे (हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे) आणि डॉ. पानसे यांनीं पीक कापणीची शास्त्रीय रीत घालून दिली. तींत कापावयाची जागा कोणाच्या पसंतीनें न निवडतां यदृच्छया मिळालेल्या आकड्यांवरून ठरवावयाची, आणि तेथील पीक कापून, मळून, वजन करावयाचें. मी अशा कापण्यांस पुष्कळदां हजर राहिलों आहें. शेतकरी म्हणे, "रावसाहेब, ह्या कोपऱ्यांत चांगलं आहे, इथलं कापा", विम्याचा विषय निघाला म्हणजे तोच म्हणे, "त्या खड्ड्यांतलं कापा." दोन्ही वेळीं सांगणारा प्रामाणिक असला तरी उत्तर चुकीचें येतें. आपण स्वतःशींहि असेच वागतों, म्हणून जागा आपल्या मर्जीनें निवडूं नये.

पांचवी: मोजणी शक्य तर विरुद्ध मताच्या माणसाकडून करवावी. माझ्या वडिलांची अट येथें आठवावी.

सहावी: लिहून ठेवावें, आणि एका वर्षावर निकाल देऊं नये. दोन-तीन हंगाम तोच परिणाम दिसला, म्हणजे ती गोष्ट पक्की समजावी.

प्रयोग फसला तर नुकसान होईल, ही भीति रास्त आहे. म्हणूनच तो दोन-चार पट्ट्यांवर करावा, सगळ्या रानावर नव्हे. न पारखलेली चाल मात्र आपण दरसाल सगळ्या रानावर करतों, आणि तिचें नुकसान मोजीतहि नाहीं.

६. वडीलधाऱ्यांस प्रश्न

शेवटीं एका अडचणीचा विचार करूं. घरांत वडीलधाऱ्यांस "कां?" असें विचारणें म्हणजे त्यांचा अपमान, अशी समजूत आहे. प्रश्न उद्धटपणें विचारला तर तो अपमान आहेच. परंतु "आबा, असं कां करतात?" असें जाणून घेण्याच्या इच्छेनें विचारलें, तर पुष्कळ वेळां त्यांच्यापाशीं उत्तर असतें, कोणी विचारलें नाहीं म्हणून तें त्यांच्या मनांतच राहिलेलें असतें. तें न विचारतां चाल तेवढी उचलली, तर त्यांचें निम्मेंच धन आपल्या पदरांत पडतें. आणि त्यांच्यापाशीं उत्तर नसलें, तर दोघांनीं मिळून तें शेतांत शोधावें.

मुलांच्या बाबतींत आपण याच्या उलट करतों. नातू विचारतो, "अमावास्येला नांगर कां धरायचा नाहीं?" आपण म्हणतों, "गप्प बस, मोठ्यांस उलट बोलूं नये." बैलांस व गड्यांस ठराविक दिवशीं विसांवा मिळावा, हें एक चांगलें कारण त्यास सांगतां आलें असतें, मग ट्रॅक्टरास तें कितपत लागू आहे, हें तोच विचारील. विचारूं द्यावें. ज्या घरांत मुलाचा प्रश्न दाबला जातो, त्या घरांत पुढें बियाण्यासंबंधीं, कर्जासंबंधीं, औषधासंबंधींहि कोणी प्रश्न विचारीत नाहीं, आणि जो मोठ्यानें सांगेल त्याचेंच खरें होतें.

माझे वडील आज हयात नाहींत. त्यांच्या पश्चात् आमच्या घरीं दर वर्षीं बियाणें चोळतात. पण मीं एक क्रम ठेविला आहे. दर वर्षीं एक लहान पट्टा कांहींहि न चोळतां पेरतों, आणि कणसें नातवंडांकडून मोजवून घेतों. कोणी विचारतात, "आतां खात्री झाली, मग हें कशाला?" मी सांगतों कीं, मुलांनीं गंधक चोळावें तें आजोबा चोळीत होते म्हणून नव्हे, तर त्यांनीं स्वतः मोजून पाहिलें म्हणून. नाहीं तर माझेंहि मागील पानावरून पुढेंच व्हावयाचें.

वाचकांस विनंति एवढीच कीं, येत्या हंगामांत आपापल्या शेतांतील एका चालीस हा प्रश्न घालावा, दोन पट्टे राखावे, आणि निकाल, मग तो जुन्याच्या बाजूचा असो वा नव्याच्या, या मासिकाकडे लिहून पाठवावा. फसलेल्या प्रयोगाचा निकालहि तितक्याच अगत्यानें पाठवावा. दुसऱ्याचें नुकसान वांचविण्याचें काम तोच अधिक करतो.